दोरीवरची चित्रं

मार्च अर्धा सरला की आमच्या जळोचीच्या गल्लीत उजाडतानाच पोरांची वटवट सुरू होते. सकाळची शाळा लागलेली असते. कुणाचा बूट सापडत नाही, कुणाची आई एका हातानं वेणी घालत दुसऱ्या हातानं चहा पीत असते, आणि समोरच्या कडुलिंबाचा बारीक पांढरा फुलोरा सगळ्यांच्या दप्तरांवर पडत असतो. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी या दिवसांत आपोआप जाग येते आणि उगाचच उशीर झाल्यासारखं वाटतं. मग मी चहा ठेवते आणि स्वतःलाच म्हणते, बाई, बसा आता, कुठं निघालात? लोकांना जुनी दिवाळी आठवते, लग्नसराई आठवते. मला सकाळच्या शाळेचे दिवस आठवतात, आणि खरं सांगायचं तर ते मला नको असतात.

परवा नातीनं शाळेतून एक कागद आणला. बी, कोंब, रोप, झाड अशी चित्रं उलटसुलट छापलेली. ती कापायची, क्रमानं चिकटवायची आणि मधे बाण काढायचे. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही घ्या ना हे तिच्याकडून करून, तुम्हाला छान जमेल." मला जमणारच. निम्मं आयुष्य मी तेच केलं. पण कात्री हातात घेतली आणि बोटं चालेनात. मी म्हटलं, माझे डोळे दुखतात. डोळे माझे ठणठणीत आहेत, मोतीबिंदूसुद्धा काढून झालाय.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर रस्त्याला, पिंपळीच्या बऱ्याच पुढं, आतल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवत होते. दोन खोल्या, पुढं चिंचेचं झाड, मागं ज्वारीची रानं. एका खोलीत गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तिसरी-चौथी घेऊन बसत. दुसऱ्या खोलीत मी आणि माझी पहिली-दुसरी. बारामतीहून एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालायचं. मार्चमध्ये सुगी संपत आलेली असायची. रानात शाळूच्या पेंढ्या पडलेल्या, कडब्यानं भरलेल्या बैलगाड्या धुराळा उडवत चाललेल्या, आणि वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास थेट वर्गात. त्या वासात पोरं पाढे म्हणत. कालव्याला पाणी सुटलं की निम्मा वर्ग गायब, कारण रानात पाण्याची दारं धरायला घरात माणूस कमी. मी ओरडायची. माझ्या ओरडण्यानं पाणी थांबत नसे, पण मला बरं वाटायचं.

त्या काळात प्रशिक्षणांची लाट आली होती. मुलांना क्रम शिकवायचा तर चित्रांवरून शिकवा, असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणारे साहेब पंख्याखाली बसून सांगत. चित्रं मात्र आमची आम्ही काढायची. मी बारामतीतल्या एका कापड दुकानातून शर्टाच्या घडीत घालतात ते पुठ्ठे मागून आणले आणि कोऱ्या बाजूवर स्केचपेननं चित्रं काढली. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली, तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पोरानं पुढं यायचं, विस्कटलेली चित्रं नीट बघायची, आधी काय आणि नंतर काय ते ठरवून एकेक पुठ्ठा दोरीवर लावायचा. दोन चित्रांच्या मधे भिंतीवर खडूनं बाण. क्रम बरोबर आला की सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. हा टाळ्यांचा नियम माझा. साहेबांनी तो सांगितलेला नव्हता. पोरं त्या टाळ्यांसाठी जीव टाकायची.

भाकरीची चित्रं लावताना एकदा मारामारीची वेळ आली. एक म्हणे, आधी परातीत पीठ. दुसरा म्हणे, न्हाय, आधी चुलीवर आधण. मागच्या रांगेतली एक चिमुरडी शांतपणे म्हणाली, "आमच्या घरी आधी भांडान आसतंय, मग भाकर." मी हसले, पण ती हसत नव्हती. प्रत्येक घराचा क्रम वेगळा असतो हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन दोऱ्या बांधल्या आणि दोन्हींना टाळ्या वाजवायला लावल्या.

शालन त्या वर्गात बसायची, पण पटावर तिचं नाव नव्हतं. वयानं ती माझ्या दुसरीतल्या पोरांच्या दुप्पट असेल. हाडापेरानं मोठी, अंगावर परकर-पोलकं, केसांना भरपूर तेल. बुद्धी मात्र पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढीच राहिलेली. वस्तीवर तिला सरळ 'येडी शालन' म्हणत, तिच्या तोंडावर म्हणत, आणि तीही हाकेला ओ देई. बाप गेलेला. आई कौसाबाई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत रोजानं जायची. दोघी राहायच्या चुलत्याच्या, बापूरावांच्या घरी. त्या घरात पूर्वी मेंढरं होती. बापूरावांनी ती मोडून ऊस लावला होता. कौसाबाईनं एका सकाळी कामावर जाताना शालनला माझ्या दारात आणून उभं केलं. म्हणाली, "बसू द्या बाई, कुणाला काय करत न्हाय ती." ती बसली. गुरुजींनी दारातून पाहिलं आणि "मी काही पाहिलं नाही" म्हणून आपल्या खोलीत गेले. त्यांच्यासारख्या माणसाकडून तेवढं म्हणजे पुष्कळच होतं.

अक्षर तिला कधीच आलं नाही. पण दोरीवरची चित्रं म्हणजे तिचा जीव की प्राण. एकेक पुठ्ठा नाकाजवळ धरून इतका वेळ बघायची की बाकीची पोरं कंटाळून चिंचा वेचायला पळायची. एकदा मात्र क्रम डोक्यात बसला की तो कायमचा. महिन्यानं विचारा, दोन महिन्यांनी विचारा. शेवटचं चित्र चिमट्यात अडकवलं की दोन्ही हात अंगाशी सरळ धरून दोरीच्या बाजूला उभी राहायची आणि टाळ्या वाजेपर्यंत हलायची नाही. टाळ्या झाल्या की तोंडभर हसायची. तिचं ते हसणं मला पगारापेक्षा गोड वाटायचं, आणि पगार काही थोडा गोड नव्हता.

त्या वर्षी सकाळची शाळा लागली त्याच आठवड्यात, पोरं घरी गेल्यावर, कौसाबाई आली. उंबऱ्याशी बसली. पदर नीट केला, परत नीट केला.

"पोरीला न्हाण आलंय बाई, दिवाळीपासनं," ती म्हणाली. "कळत न्हाय तिला काय. तशीच हिंडती. परवा भावजींच्या म्होरं आली तशी." तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "भावजी म्हणत्यात, पिशवी काढून आणू. डाक्टर हाय म्हणं कुणी, असल्या पोरींची काढतो. दर म्हैन्याची कटकट न्हाय. आन् उद्या कुणी काय बरंवाईट केलं, तरी..."

पिशवी काढायची म्हणजे गर्भाशय काढायचं. त्या काळात आमच्याकडं हे असं बोललं जाई, दुखरी दाढ काढण्याइतक्या सहज, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कौसाबाई?"

"आधीच देवानं तिला कमी दिलंय. हाय त्यातलंबी काढून घ्यायचं?" ती म्हणाली. मग माझ्या सुतळीकडं बोट करून म्हणाली, "ते भाकरीचं लावलं हुतं न्हवं तिनं? घरी येऊन मला करून दावलं. करपली, पर भाकर केली तिनं. तसं ह्येचं काढून द्या की."

मला स्वतःला कुणी काही शिकवलं नव्हतं. माझ्या आईनं एक जुनेर अंगावर टाकलं आणि म्हणाली, कोपऱ्यात बस, कशाला शिवू नको. एवढंच माझं प्रशिक्षण. चांगल्या शिकल्यासवरल्या घरात. आणि इथं ही अडाणी बाई मला म्हणत होती की चित्र काढा. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापूरावांना चिंचेखाली बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. वाईट माणसं सोपी असतात. टोपी काढून मांडीवर ठेवून ते म्हणाले, "बाई, मी काय कसाई न्हाय. भावाची पोर हाय. पर घरात माझी ल्योकं हायती, सुना येत्याल उद्या. वैनी हाय तवर ठीक. तिच्या माघारी कुणी बघायचं?"

"आणि पिशवी काढल्यावर वाईट माणूस यायचा थांबतो का, बापूराव?"

ते उसाकडं बघत राहिले. "न्हाय थांबत," ते म्हणाले. "पर गावाला कळत तरी न्हाय."

हे उत्तर मी इतकी वर्षं गिळायचा प्रयत्न करते आहे. बोलणं मात्र तिथं संपलं नाही. मी हट्टाला पेटले, आणि मी हट्टाला पेटले की गुरुजीसुद्धा वाटेतून बाजूला होत. शेवटी बापूराव उठत म्हणाले, "शाळंला सुट्टी लागंस्तवर बगा. तिचं तिला करता आलं, तर मी त्या डाक्टरचं नाव काढणार न्हाय. शब्द."

म्हणजे हातात सकाळची शाळा होती तेवढे दिवस. त्यात शालनची पाळी फार तर दोनदा येणार.

चित्रं काढायला बसले आणि पहिल्याच चित्राला अडले. सुरुवात कशी दाखवायची? कौसाबाई म्हणाली, "कावळा काढा की. कावळा शिवला म्हणत्यात." मी म्हटलं, कावळ्याचा काही संबंध नाही, तो बिचारा उगाच बदनाम. शिवाय शालननं ते आधीच ऐकलेलं होतं आणि ती त्या दिवसांत आभाळाकडं बघत बसायची, कावळा कुठून येतो ते. मी परकर काढला आणि त्यावर लाल डाग. दुसरं चित्र, ट्रंक उघडून धुतलेलं कापड घेते. तिसरं, कापड नीट बांधते. चौथं, वापरलेलं कापड बादलीत धुते. पाचवं, दोरीवर वाळत घालते. आणि पाचव्यापासून दुसऱ्याकडं परत जाणारा मोठा वाकडा बाण, कारण वाळलेलं कापड घडी करून पुन्हा ट्रंकेत जाणार. लाल स्केचपेन पहिल्याच पुठ्ठ्यावर संपलं.

पाचवं चित्र कौसाबाईनं हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "ऊन कशाला काढलंय?"

"उन्हात वाळायला."

"आमी परसात घालतो, गवऱ्यांच्या माग. वर दुसरं लुगडं टाकतो. दिसाया नको."

"तिथं वाळत नाही, कौसाबाई, दमट राहतं. मग खाज, मग आजार. धुतलेलं कापड आहे, त्यात चोरण्यासारखं काय?"

"व्हय, पर..." ती पुटपुटली. मी पेन्सिलीनं काढलेला सूर्य पिवळ्या रंगानं आणखी मोठा केला.

आता टीव्हीवर तासातासाला पॅडची जाहिरात लागते. पांढऱ्या कपड्यातल्या मुली उड्या मारतात आणि पॅडवर निळं पाणी ओतून दाखवतात. निळं! माझा नातू शेजारी बसलेला असतो आणि मला हसू आणि संताप एकदमच येतो. अजूनही लाल दाखवायची छाती नाही यांची. मी संपलेल्या स्केचपेनच्या टोकावर थुंकी लावून तो लाल पुरा केला होता.

अकरा-साडेअकराला पोरं गेली की मी वर्गाचं दार ओढून घ्यायची. बाहेर फुफाटा, पत्रा तापून कडकड वाजायचा, कुठंतरी होला घुमायचा. आत मी आणि शालन. घरून एक जुना परकर नेला होता, त्यावर लाल शाईचा डाग पाडायचा. जुन्या साडीच्या पट्ट्या. बादली. "शालन, डाग दिसला. आता काय करायचं?" ती दोरीकडं बघायची, बोटानं चित्र शोधायची, मग ट्रंकेकडं जायची. ट्रंक म्हणजे माझी खडूची पेटी. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. कधी ती कंटाळून भिंतीला डोकं टेकवून बसायची, कधी मीच चिडायची. एकदा मी जोरात ओरडले तर ती घाबरून पाचही चित्रं पोटाशी धरून कोपऱ्यात गेली. त्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही, नुसत्या चिंचा खाल्ल्या.

पहिल्या खेपेला जमलं नाही. भर वर्गात ती डाग घेऊन आली आणि नेहमीसारखी हसत बसली. गुरुजींच्या खोलीतून खडू मागायला आलेली चौथीतली एक पोरगी तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. मला रडू आवरेना, म्हणून फळ्याकडं तोंड करून मी उगाच तारीख पुसली आणि परत लिहिली.

दुसऱ्या खेपेला, परीक्षा आटोपून निकालाची कामं चालू होती तेव्हा, कौसाबाई कामावर जाण्याऐवजी शाळेत आली. हातात झाकलेली वाटी, शेवयाची खीर. "बाई, मला उठवलंबी न्हाय तिनं," ती म्हणाली. "मी बगत हुते गोधडीतनं. डाग बगितला, ट्रंक उघाडली, बांधलं. धुतलं मागनं. मी म्हणलं बोलावं, पर न्हाय बोलले. म्हणलं, करू दे." मग ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. खीर मात्र दोघींनी संपवली. निकालाच्या दिवशी झेंडावंदनाला बापूराव आले होते. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बाई, शब्द म्हंजी शब्द."

ते पाचही पुठ्ठे शालनला देऊन टाकून मी सुट्टीला वालचंदनगरला भावाकडं गेले. तो तिथं कंपनीत होता. क्वार्टरच्या पुढं सावलीची मोठी झाडं, नळाला भरपूर पाणी, ठरल्या वेळी वाजणारा भोंगा. मी तिथं मे महिनाभर लोणची घातली, पत्ते खेळले आणि इतकी गाढ झोपले की वहिनीनं चेष्टा केली. आयुष्यात एक काम पुरं झालं, अशी झोप होती ती.

जूनमध्ये शाळा उघडायला गेले तर फाट्यावर बापूराव उभे. माझीच वाट बघत होते. टोपी हातात.

"शालनीचं आपरेशन झालं बाई."

मी तिथंच पिशवी खाली ठेवली. "तुम्ही शब्द दिला होता."

"मी पाळला हुता. वैनीनं नेलं. मी नगं म्हणलं. तिनंच अंगठा दिला."

मी शाळेत गेलेच नाही. तडक त्यांच्या घरी गेले. शालन आत झोपली होती, पोटावर हात ठेवून. कौसाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मला बसा म्हटलं नाही आणि मीही बसले नाही. ती सांगायला लागली ते चुलीकडं बघूनच.

मे महिन्यात एका सकाळी शालननं पुन्हा सगळं स्वतः केलं होतं. धुतलं, पिळलं, आणि दोरी शोधायला लागली. परसातली, गवऱ्यांमागची दोरी तिच्या लेखी दोरीच नव्हती. तिथं ऊन नव्हतं आणि बघायला माणसं नव्हती. तिनं अंगणातली, रस्त्याकडची दोरी घेतली. घरातले होते नव्हते ते चिमटे आणले. सगळी कापडं एका ओळीत, सारख्या अंतरानं लावली, आणि शेवटचा चिमटा लावून दोन्ही हात अंगाशी सरळ धरून बाजूला उभी राहिली. समोर रस्त्याच्या मोरीवर वस्तीतली तरणी पोरं बसलेली. एकानं बघितलं, दुसऱ्याला ढोसलं. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

"हसली वो ती," कौसाबाई म्हणाली. "लई खूस झाली. मला वडत आणलं बगाया."

त्या दिवसापासून शालन दिसली की पोरं टाळ्या वाजवू लागली. दळणाला निघाली, टाळ्या. पाण्याला निघाली, टाळ्या. ती थांबायची आणि हसायची. एकदा तिन्हीसांजेला एकानं उसाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि ती त्याच्याकडं चालत निघाली. कौसाबाईनं पळत जाऊन तिला आणलं. दुसऱ्या आठवड्यात ती पोरीला घेऊन त्या डॉक्टरकडं गेली.

"आता ती जाईल तवा मी कुठं कुठं पळू, बाई?" ती म्हणाली. "काय झालंच, तर निदान पोटात काय ऱ्हायचं न्हाय."

"आणि त्या पोरांचं काय काढलंत, कौसाबाई?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "त्यांना कुठल्या डॉक्टरकडं नेलं?"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "त्यांचं काय काढनार? गावची पोरं हायती ती."

मी त्या पोरांच्या घरी गेले, हे सांगायला पाहिजे. एकूण एक घरी गेले. चहा मिळाला. "पोरं हायती, मस्करी केली आसंल," असं उत्तर मिळालं. एका घरी तर पोराच्या आईनं मलाच विचारलं, "पर बाई, असलं रस्त्याकडंला वाळत घालाया शिकवायचं तरी कशाला?" गुरुजी म्हणाले, आता जाऊ द्या, वर कळलं तर शाळेला त्रास होईल. मी गुरुजींशी महिनाभर बोलले नाही. त्याचाही कुणाला काही उपयोग झाला नाही.

मी ही चित्रं मनातल्या मनात पुष्कळदा दोरीवर लावून बघते. वाळत घातलेली कापडं. टाळ्या. पळत जाणारी आई. डॉक्टरचं टेबल. क्रम लावायला काहीच अवघड नाही, पहिलीतलं पोर लावेल. पण वस्तीवर ज्याला ज्याला विचारलं, त्या प्रत्येकानं पहिलं चित्र कापडांचंच लावलं. जसं काही त्याच्या आधी काही नव्हतंच. मोरीवर रिकामी बसलेली पोरं आधीपासून तिथं होती, त्यांना कुणी दारं धरायला पाठवत नव्हतं, कुणी उठवत नव्हतं, ते चित्र कुणाच्या हाताला लागत नाही. माझ्याकडं बोट दाखवणारेही होते. उन्हाचं चित्र काढल्याची मला लाज नाही. धुतलेलं कापड उन्हातच वाळतं. आज काढायला सांगितलं तर तो सूर्य मी त्याहून मोठा काढीन. पण संताप मात्र जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नातीनं शेवटी तिचा कागद स्वतःच पुरा केला. बी, कोंब, रोप, झाड. मधे जाडजूड बाण. तिला शाळेत चांदणीचा शिक्का मिळाला. मी तिला जवळ घेतलं आणि शाबास म्हटलं. टाळ्या मी आता वाजवत नाही.

त्याच वर्षी आषाढात, एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, शालन वर्गात आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. वाळली होती, जरा पुढं वाकून चालत होती. पोलक्यात हात घालून तिनं पाच पुठ्ठे काढले, घडीनं मऊ पडलेले. सुतळी अजून तशीच होती. तिनं एकेक चित्र लावलं. ट्रंक, बांधणं, बादली, ऊन. पहिल्याची जागा मोकळी ठेवली. परकरावरच्या लाल डागाचा पुठ्ठा हातातच राहिला.

"बाई, ह्ये येईना," ती म्हणाली.

मी तिच्या जवळ गेले.

"मी रोज बगती. सकाळी उठल्यावर बगती. येईना. आई म्हणती, आता येनार न्हाय." ती पुठ्ठ्याकडं बघत होती. "मी कुटं चुकले, बाई?"

"कुठंच नाही, शालन."

तिला ते पटलं नाही. तिनं दोरीवरचं प्रत्येक चित्र पुन्हा नाकाजवळ जाऊन बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग परत पहिल्यापासून. मग माझ्याकडं वळून, पहिल्यांदाच रागानं म्हणाली,

"सगळं बरूबर करत हुते की मी."

"व्हय," मी म्हटलं. "सगळं बरोबर करत होतीस."